न कलंडणारी बाबागाडी

बारकीला शाळेत असल्यापासून आकडी यायची. आधी जिभेवर गंजाची चव यायची आणि मग मधला वेळ कुणीतरी कात्रीने कापून नेल्यासारखा गायब व्हायचा. शुद्धीवर आली की भोवती माणसांचं कोंडाळं असायचं आणि सगळ्यांना एकदम तिला पाणी पाजायचं असायचं. पुढे ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायला लागली. एकदा मशीनवरच कोसळली आणि सुई बोटातून आरपार गेली. बोट बरं झालं, नोकरी गेली ती गेलीच.

लग्नाआधी तिने सगळं स्पष्ट सांगून टाकलं. मुलगा कालव्यावरच्या पंपघरात ऑपरेटर होता. कान खाजवत त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझा पंपही मधेच बंद पडतो. म्हणून मी काय त्याला टाकून देतो?" असं आजवर तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. ती गावाबाहेर, पंपघराला लागून असलेल्या दोन खोल्यांत संसाराला आली.

मुलगी झाली तेव्हा सासू मदतीला आली. बाई कामाला वाघ आणि तोंडाची फटकळ. "पोरीला उभ्याने घ्यायचं नाही," हा तिचा पहिला हुकूम. बारकी जमिनीवर, भिंतीला टेकून, चहूबाजूंनी उशा रचून छकुलीला पाजायची. अंघोळ, झोपवणं, खांद्यावर टाकून फिरवणं सगळं सासूकडे. पोर बारकीच्या वाट्याला यायची ती फक्त भूक लागली की. तक्रार करायला तोंड नव्हतं, कारण सासूचं चुकत नव्हतं.

पण शहरातली धाकटी सून पायऱ्यांवरून पडली आणि सासूला तिकडे जावं लागलं. पंप चालू असताना नवऱ्याला जागचं हलता येत नसे. नर्सबाई बसायची गावात. छकुलीची लस, वजन, बारकीच्या गोळ्या, सगळं तिच्याकडे. वाट कालव्याच्या कडेने, खडीची, खड्ड्याखड्ड्यांची. पोरीला कडेवर घेऊन त्या वाटेने जायचं आणि मधेच गंजाची चव आली तर, यापुढचा विचार बारकी मनातसुद्धा पुरा करत नसे.

"बाबागाडी घेऊ या," ती म्हणाली.

बाजारातल्या दुकानदाराने हौसेने एक गाडी पुढे ओढली. "ही बघा, फुलासारखी हलकी. एका बोटाने ढकला."

बारकीने दांडी धरली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. पुढची चाकं वर उचलली गेली आणि गाडी उताणी झाली. दुसरी गाडी तशीच. तिसरी तिने बाजूने रेटली, तीही आडवी.

"अहो ताई, गाडी ढकलायची असते, तिला लोंबकळायचं नसतं!" दुकानदार धावत आला. "तुम्हाला बाबागाडी हवीय की बैलगाडी?"

एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. नवरा भिंतीवरची खुळखुळ्यांची रांग बघत राहिला, कान लालेलाल. बारकीलाही हसू आलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मला आकडी येते. मी पडले तर माझ्याबरोबर पोर पडायला नको."

दुकानदार त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे कुणीतरी परत केलेली एक गाडी धूळ खात होती. बुटकी, रुंद, जाड टायरांची, चिखलाच्या रंगाची. बारकी तिच्यावर कोसळली. गाडी करकरली, खाली दबली, पण उलटली नाही. ती बाजूनेही कोसळली. कोपर सडकून आपटलं, गाडी जागच्या जागी.

"हीच," कोपर चोळत ती म्हणाली.

ब्रेक नवऱ्याने बसवला. त्याला अंगाई येत नव्हती, पण स्प्रिंगा आणि तारा त्याचं ऐकायच्या. दांडीखालची पट्टी दाबून धरली तरच चाकं फिरायची. हात सुटला की गाडी जाम. गाडीत वाळूचं पोतं ठेवून त्याने तिला कालव्याच्या उतारावर नेलं. "सोड." तिने सोडली. गाडी खिळल्यासारखी उभी. त्या दिवशी नवरा स्वतःशीच शीळ घालत जेवायला बसला.

मग बारकी रोज बाहेर पडायला लागली, कधी काम असलं म्हणून, कधी नसलं तरी. गावातली माणसं म्हणायची, "आला बघा रणगाडा!" ती बगळा दाखवायची, पाण्यावरचा फेस दाखवायची, कारखान्यातल्या मुकादमाच्या नकला करायची. छकुली पाय झाडून हसायची. पोर पहिल्यांदाच तिची एकटीची झाली होती.

नर्सबाईकडून परतताना एका दुपारी जिभेवर गंज आला. तिने गाडी पाण्यापासून लांब वळवली, तेवढाच वेळ मिळाला.

दूधवाल्याला ती दिसली तेव्हा तोंड खडीत होतं, पुढचा दात तुटलेला, जीभ चावलेली. शेजारी गाडी उभी आणि आत छकुली रडून रडून घोगरी झालेली. त्याने गाडी ओढून पाहिली, ती तसूभर हलेना. शेवटी त्याने बारकीला टेम्पोत बसवलं आणि पोरीसकट अख्खी गाडी उचलून मागे ठेवली. छकुलीला ओरखडासुद्धा नव्हता.

निरोप मिळताच सासू पुढच्याच एसटीने आली. बारकीच्या गालाला तिने स्वतः मलम लावलं, हात हलका होता तिचा. मग म्हणाली, "पोरीला मी घेऊन जाते. चालायला लागली की आणते."

"आई, गाडी थांबली होती," बारकी म्हणाली. ओठ सुजल्याने शब्द फुटत नव्हते. "जसं ठरवलं तसंच झालं. हात सुटला आणि थांबली."

"थांबली. आणि दूधवाला आला नसता तर? ऊन काय थांबणार होतं? कुत्री थांबणार होती?"

बारकीने नवऱ्याकडे पाहिलं. ब्रेक त्याने बसवला होता, तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. तो बराच वेळ नखाखालचं ग्रीस काढत राहिला. "थोडे दिवस जाऊ दे," म्हणाला आणि पंपाकडे गेला.

सासू पोरीला घेऊन गेली. दूध उतरायचं तेव्हा बारकी मोरीत जाऊन पिळून टाकायची. नवऱ्याशी भांडली नाही. फक्त त्याच्या थट्टांना हसणं तिने सोडलं. पंप बंद असला की तो तिच्याजवळ येऊन बसायचा, ती उठून भांडी घासायला घ्यायची.

छकुली परत आली ती दुडूदुडू धावत, आजीचं बोट धरून. बारकी उंबऱ्यावर गुडघ्यांवर बसली आणि हात पसरले. छकुलीने तिच्या तुटक्या दाताकडे टक लावून पाहिलं आणि आजीच्या पदरात तोंड लपवलं.

"होईल सवय," सासू म्हणाली. या खेपेला आवाजात धार नव्हती.

सवय झाली, पण हळूहळू. आधी पोर तिच्या हातचं खायला लागली, मग शेजारी झोपायला लागली. रडू आलं की मात्र आजीलाच हाक मारायची, आणि बारकी जवळ बसून ते रडणं ओसरायची वाट बघायची.