डोक्यात साचलेलं

मेंदूच्या सर्जनकडे कुणी हसत येत नाही. कुणी मोटारसायकलवरून पडलेला असतो, कुणी उसाच्या ट्रॉलीवरून घसरलेला. डोक्यात रक्त साचलेलं आणि बाहेर निम्मं गाव गोळा झालेलं. तरी बीडमध्ये इतकी वर्षं कवट्या उघडून माझ्याकडे फायलींपेक्षा किस्सेच जास्त साचलेत. मित्र विचारतात, "तुझ्या धंद्यात हसण्यासारखं काय असणार?" आता तुम्हीच ऐका!

*

डोक्याला मार लागलेला माणूस भानावर आहे का, हे बघायला आम्ही साधे प्रश्न विचारतो. नाव काय, गाव कोणतं, आज वार कोणता. आमच्या सुनंदा सिस्टर, ज्यांना मी स्वतःसुद्धा घाबरतो, त्यात एक जास्तीचा प्रश्न घालायच्या, "गावचा सरपंच कोण?" बीड जिल्ह्यात ज्याला हे सांगता येत नाही तो नक्कीच बेशुद्ध, असं त्यांचं मत!

एका पेशंटनं ठणकावून सांगितलं, "मीच!" सिस्टरांनी लिहिलं, 'पेशंट गोंधळलेला.' त्याचा मुलगा उखडला. "गोंधळलेले कावून? हायेतच ते सरपंच!"

भेटायला आलेला एक गाववाला म्हणाला, "व्हते. अविश्वास ठराव झालाय."

"त्याला स्टे हाय!"

आयसीयूच्या दारात दोन पार्ट्या पडल्या. पेशंटनं तोंडावरचा मास्क ओढून काढला आणि ओरडला, "स्टेची ऑर्डर दाखव रे त्याला!"

मी केसपेपरवर लिहिलं, 'पेशंट पूर्ण शुद्धीवर. सरपंचपद न्यायप्रविष्ट.' सिस्टरांनी तो प्रश्न कायमचा बंद केला.

*

एका तरुणाचं ऑपरेशन झालं. त्याची बायको सिस्टरांना म्हणाली, "शुद्धीवर आले की नावगाव ऱ्हाऊ द्या, आधी मोबाइलचा पॅटर्न इचारा."

सिस्टरांनी तरी नावच विचारलं. तो नुसता टकामका बघत राहिला. गाव विचारलं, तेही नाही. मला काळजी वाटायला लागली. तेवढ्यात बायकोनं मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. "काढा पॅटर्न."

गड्यानं लगेच डोळे मिटले. "मला लई झोप यायली."

मी निर्धास्त झालो. मेंदू उत्तम चालला होता!

*

कवटी उघडायची म्हणजे आधी गोटा करावा लागतो. ऊसतोडीला गेलेला एक जण तिकडेच पडला, आमच्याकडे ऑपरेशन झालं आणि टाक्यांवर टोपी, खाली तुळतुळीत डोकं, असा थेट गावात उतरला. त्याचा म्हातारा बाप वर्षभर अंथरुणाला खिळलेला. गावानं डोकं बघितलं आणि काय समजायचं ते समजून घेतलं. दुपारपर्यंत ओट्यावर माणसं तोंड पाडून बसली.

"लई दिलदार माणूस व्हता."

"कदी कुनाला वाकडं बोलला न्हाई."

हा बिचारा, "आवं, म्हातारा हाय! आत हाय!" असं सांगायला तोंड उघडणार, तोच आतून बापानं त्याला हाक मारली. हा आत गेला. म्हातारा हळूच म्हणाला, "त्यायला च्या ठिवा. आन गप बस, बोलू दे त्यायला."

टाके काढताना त्यानं मला हे सांगितलं. मला इतकं हसू आलं की कात्री बाजूला ठेवावी लागली.

*

काढलेलं रक्त नातेवाइकांना दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे. फार तर अर्धा पेला भरतं, तेवढ्यानं माणूस मरणाच्या दारात जातो. एकदा मी त्या रक्ताची पिशवी घेऊन बाहेर आलो. पेशंटच्या मामांनी ती उजेडात धरली, उलटीसुलटी केली आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं.

"एवढंच? आन आमी तीन गाड्या करून आलोत!"

*

पण कडा गावाकडच्या अण्णांसारखा पेशंट मी दुसरा बघितला नाही. बागायतदार माणूस, संताप असा की घरातलं कुत्रंही दबकून चालायचं. सख्खा धाकटा भाऊ, बापू, शेजारीच राहायचा. शेताच्या बांधावरून अठरा वर्षं दोघांचं बोलणं बंद!

अण्णा गोठ्यात घसरून पडले, डोकं आपटलं. किरकोळ म्हणून सोडून दिलं. पण उतारवयात असं रक्त आत हळूहळू झिरपत राहतं आणि कधीकधी माणसाचा स्वभावच बदलतो. अण्णांचा बदलला. शिव्या थांबल्या. आमटी अळणी असली तरी "झ्याक झाली" म्हणायला लागले. एक दिवस तर काठी टेकत बापूंच्या ओसरीवर जाऊन बसले. "च्या टाक."

बापूंनी टाकला. मग रोजच टाकायला लागले.

पुढे अण्णांचा पाय ओढायला लागला, झोप वाढली, तेव्हा बापूंनीच जीपमध्ये घालून आणलं. सीटी स्कॅन बघून मी सांगितलं, "आजच रक्त काढायला हवं, नाहीतर जीव जाईल. काढलं की पहिल्यासारखे होतील."

अण्णांच्या बायकोचा, काकूंचा चेहरा पडला. "पहिल्यासारखे? म्हंजी शिव्या, बांध, समदं?"

"बहुतेक."

काकूंनी सही केली आणि माझा हात धरला. "सायेब, जीव वाचवा. पर समदं काढू नका. उलसं, थेंबभर ऱ्हाऊ द्या."

बापू खिडकीकडे तोंड करून उभे होते. मी ऑपरेशन थिएटरकडे वळलो. मी सगळं काढलं. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी अण्णांना नाव विचारलं. "सातबाऱ्यावर हाय, जाऊन वाच!" अण्णा गरजले आणि पुढच्या दोन शिव्या वॉर्डभर ऐकू गेल्या. काकू पदर तोंडाला लावून हसत-रडत होत्या. बापूंनी चपला घातल्या आणि निघून गेले. जीव वाचवल्याचा मला त्या दिवशी म्हणावा तसा आनंद झाला नाही.

महिन्यानं अण्णा तपासायला आले. ताठ चालत, सिस्टरांवर खेकसत. दार उघडं होतं. बाहेर बाकावर बापू चहाचा थर्मास मांडीवर घेऊन बसलेले दिसले.

सीटी एकदम स्वच्छ होता. मी खुशीत म्हणालो, "अण्णा, आत रक्ताचा थेंबसुद्धा राहिला नाही!"

"हळू बोला की!" अण्णांनी उठून दार लावलं. मग टेबलावर वाकून म्हणाले, "बापूला सांगा, उलसं ऱ्हायलंय."