बसूच्या गळ्यातला दोरा

भुताखेताचे किस्से सांगणाऱ्यांची मी तोंडावर टर उडवते. आता तुम्ही माझी उडवा, हरकत नाही.

आम्ही मुरुम गावचे. माझं किराणा दुकान आहे. आई — आम्ही अव्वा म्हणायचो — गेल्यापासून धाकटा भाऊ बसू माझ्याकडंच असतो. त्याची प्रतिकारशक्ती जन्मापासूनच कमी. दर महिन्याला सोलापूरला नेऊन सलाईनमधून अँटीबॉडीज द्याव्या लागतात. डॉक्टरांनी बजावलं होतं, अशा पेशंटना काही कॅन्सरचा धोका जास्त असतो, मानेत न दुखणारी गाठ आली तर थांबू नका. मी मान डोलावली... आणि विसरले. साधी सर्दी झाली तरी याची मान सुजायची, आपोआप ओसरायची.

या उन्हाळ्यात मानेच्या डाव्या अंगाला गाठ आली. आम्ही लिंगायत, आमच्यात गळ्यात दोऱ्यात इष्टलिंग बांधतात. मी म्हटलं, दोरा काचतोय, दुसरं काय! खोबरेल चोळत बसले.

एका सकाळी बघते तर दोरा लिंगासकट देवघरात, अव्वाच्या फोटोपुढं. बसूला झापलं. तो म्हणाला, "अक्का, म्या न्हाय काढलं गं." मग मी नवा दोरा घातला, डोक्यातून निघणार नाही इतका आखूड, आणि टोकं त्याच्या गळ्यातच सुईनं शिवून टाकली. दोनचार दिवसांत दोरा पुन्हा फोटोपुढं. टाके जसेच्या तसे! तरी मला वाटलं, हा नाटकं करतोय. रागाच्या भरात थोबाडीत मारली हो त्याच्या... एवढ्या मोठ्या पोराच्या.

टाके उसवून दोरा परत गळ्यात शिवताना बोटाला गाठ लागली. लिंबाएवढी झालेली. दाबली, तर म्हणाला, "दुखत न्हाय." तेव्हा कुठं डॉक्टरांचं बोलणं आठवलं.

तपासणीत लिम्फोमा, म्हणजे लसग्रंथींचा कॅन्सर निघाला. "आधी का नाही दाखवलंत?" डॉक्टरांनी विचारलं. काय सांगू, तेल लावत होते?

स्कॅनच्या आधी सिस्टर म्हणाल्या, गळ्यातलं काढा. मी दोरा ओढून बघितला... हनुवटीच्या वर येईना. शेवटी त्यांनी कात्रीनं कापला. बसू माझ्याकडं बघत होता. "आता पटलं का, अक्का?" एवढंच म्हणाला.

केमो चालू आहे. डॉक्टर म्हणतात, आशा आहे. लिंग तो आता उशाशी ठेवतो. दोरा कुणी काढला, मला आजही माहीत नाही. अव्वाचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही, आणि दुसरं कुणाचं सुचत नाही. कुणीतरी त्याची मान मोकळी करून मला दाखवत होतं... आणि मी शिवत बसले होते.