शारजात ऐकलेला इंग्लंडचा पाऊस

"सुनंदाचा आवाज फोनवर बरा वाटत नाही. तू चार दिवस जाऊन बघून ये," असं म्हणत आईने मला शारजाला पाठवलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी तोवर विमानात पाऊल ठेवलेलं नव्हतं. बॅगेत गोडा मसाला, मेतकूट आणि दोन जाड स्वेटर होते. सुनंदाताई आधी सहा वर्षं इंग्लंडमध्ये राहिली होती. परदेश म्हटलं की थंडी, हे आईच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं होतं.

विमान खाली येऊ लागलं तेव्हा खिडकीतून आधी समुद्र दिसला आणि मग एकदम भाजलेल्या रव्याच्या रंगाची जमीन. विमानतळावर ताई आणि माझी नऊ वर्षांची भाची ऋचा आल्या होत्या. ताई स्वतः गाडी चालवत आली होती. पुण्यात सायकलवरून उतरून रस्ता ओलांडणारी माझी बहीण तिथल्या सहापदरी रस्त्यावर एका हाताने स्टिअरिंग फिरवत होती. मी मराठीत काही विचारलं की ऋचा इंग्रजीत उत्तर द्यायची. हवा कशी असते इथे, असं विचारलं तर म्हणाली, "सेम. एव्हरी डे सेम, मावशी."

आणि तसंच होतं. डिसेंबरातलं ऊन छान कोवळं होतं, पण सोमवारचं आकाश मंगळवारी, मंगळवारचं बुधवारी. ताईचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर होता. खाली केरळी माणसाचं किराणा दुकान होतं. फोन केला की दूध, खुबूस (तिकडची मऊ, गोल रोटी), कोथिंबीर, सगळं वर यायचं. खाली उतरायचं कारणच पडत नसे. भावोजी फुजैराच्या बंदरात इंजिनिअर होते. डोंगरांपलीकडचा तो किनारा गाडीने दोन तासांवर. त्यामुळे आठवडाभर ते तिकडेच खोली घेऊन राहायचे आणि शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी संध्याकाळी घरी यायचे. ऋचाची शाळा आणि ओळखीची मराठी मंडळी शारजात, म्हणून बिऱ्हाड इथे.

ताईचं काय बिनसलंय ते दुसऱ्याच दिवशी कळलं. लिव्हरपूलजवळच्या ज्या गावात ते पूर्वी राहायचे, तिथल्या कंपनीने भावोजींना परत बोलावलं होतं. त्यांना आठवड्याभरात हो-नाही कळवायचं होतं. भावोजींना जायचं होतं, पण ताईला तिकडची हवा मानवत नाही, तिच्यासाठीच तर आपण उन्हाच्या देशात आलो, असं ते सगळ्यांना सांगत. आम्हालाही तेच ठाऊक होतं. ताई मात्र हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती.

"खरंच एवढी वाईट हवा असते का गं?" मी विचारलं. भाजी निवडता निवडता ताई बोलू लागली आणि मी आल्यापासून पहिल्यांदाच तिचा चेहरा उजळलेला मला दिसला. सकाळी ऊन बघून दोरीवर कपडे घालावेत, तर चहा होईतो शिंतोडे. मग कुंपणापलीकडून शेजारच्या डोरोथीबाई हाक मारणार, दोघींनी धावत कपडे काढायचे, आणि आत येऊन दार लावलं की पुन्हा लख्ख ऊन. तिथल्या एका पावसाला तर पडणं ठाऊकच नाही, नुसता हवेत लोंबकळतो. छत्री घ्यावी तर तो खालूनच भिजवतो. एप्रिलात फुलं आली की त्यांच्यावर बर्फ. टीव्हीवरची बाई रोज गोड हसून सांगायची, काही काळ ऊन, काही काळ सरी, वाराही असेल. म्हणजे काहीही होईल. जरा ऊन पडलं की ऑफिसातली माणसं शर्ट काढून हिरवळीवर आडवी व्हायची. बसस्टॉपवर जन्मात नाव सांगणार नाहीत, पण आज गारठा आहे नाही का, असं प्रत्येक जण म्हणणार. मी ऐकत राहिले. ही तक्रार वाटत नव्हती.

त्या आठवड्यात भावोजींना गुरुवारी सुटका नव्हती. शुक्रवारी आम्ही डोंगरातल्या मसाफी गावाच्या पुढे एका खजुराच्या बागेपाशी भेटायचं ठरलं. ती बाग एका वादीच्या (डोंगरातल्या नदीचं कोरडं पात्र) काठावर होती. आमचा रस्ता अलीकडच्या काठाला येणार, फुजैराहून येणारा पलीकडच्या. मधलं पात्र लोक गाडीनेच ओलांडत.

वाळवंट संपून डोंगर दिसू लागले आणि काचेवर टपोरे थेंब पडले. मग ऊन. मग धुळीचा लोट, वाळू काचेवर चरचरली. मग एक सणसणीत सर आणि पुन्हा ऊन. ताई मोठ्याने हसली. वायपर लावत म्हणाली, "बघ, तुला इंग्लंड दाखवते." मसाफीच्या बाजारात थांबून आम्ही केळी आणि गरम भजी घेतली. दुकानदार ताडपत्रीवरचं पाणी झटकत होता. ताई उगीचच त्याच्याशी पावसाबद्दल बोलत उभी राहिली.

बागेपाशी पोचलो तेव्हा वर निळं आकाश होतं. पात्र गोट्यांनी भरलेलं, कोरडं ठणठणीत. पलीकडे भावोजींची पांढरी गाडी उभी होती आणि ते स्वतः हात हलवत होते. ताईने गाडी उतारावर घातली, एवढ्यात बागेचा मालक, एक म्हातारा अरब, काठी टेकत पुढे आला आणि त्याने बॉनेटवर हात ठेवला.

"अभी नहीं," तो म्हणाला. "वादी आएगा."

पाऊस थांबलाय की, असं ताईने त्याला समजावलं. त्याने नुसता डोंगरांकडे हात केला. तिकडे शिखरं काळ्या ढगात बुडाली होती. आपण इथे उन्हात, तर पाण्याचा काय संबंध, हे मलाही कळेना. तेवढ्यात आमची गाडी अडलेली बघून भावोजी पायीच खाली उतरले आणि गोट्यांवरून आमच्याकडे येऊ लागले.

मग तो आवाज आला. लांबून खडीचे ट्रक एकामागून एक रिकामे होत असावेत तसा. म्हातारा ओरडला. भावोजींना ऐकू गेलं नसावं, ते पात्राच्या मध्यावर होते. ताईने हॉर्नवर दोन्ही हात दाबले आणि ते तसेच धरून ठेवले. भावोजी थबकले, त्यांनी डोंगराच्या बाजूला बघितलं आणि ते वळून पळत सुटले. एकदा पडले, उठले. ते पलीकडच्या दरडीवर चढत असताना वळणावरून पाणी आलं. पाणी तरी कसं म्हणावं, तपकिरी चिखलाची भिंत होती ती. झावळ्या, डबे, एक आख्खं झाड घेऊन आली. भावोजींचे पाय तिने गुडघ्यापर्यंत भिजवले. एवढ्यावर निभावलं.

ऋचा माझ्या कुशीत शिरली होती. ताईने गाडी मागे घेतली आणि बंद केली.

पुढचे दोनेक तास आम्ही अलीकडे आणि भावोजी पलीकडे. मध्ये एवढा गोंगाट की ओरडूनही काही कळत नव्हतं. म्हाताऱ्याच्या घरून चटई आली, खजूर आले, गहवा (वेलदोड्याची बिनदुधाची कॉफी) आला. भावोजी एका दगडावर बसून आमच्याकडे बघत होते. ताई त्यांच्याकडे बघत होती, आणि बघता बघताच मला म्हणाली की इंग्लंडची हवा तिला कधी बाधली नव्हती. भावोजी जहाजांच्या कामासाठी तीन-तीन आठवडे बंदराबंदरांत असायचे. घरात ती आणि तान्ही ऋचा. हिवाळ्यात दुपारच्या चहालाच अंधार पडायचा, आणि दिवा लावायलाही उठू नये असं वाटायचं. तेव्हा पाऊस आला की डोरोथीबाई हाक मारायच्या, म्हणून तेवढं दार उघडलं जायचं. डॉक्टर म्हणाले सूर्यप्रकाश कमी पडतोय. भावोजींनी ते मनावर घेतलं, चांगली नोकरी सोडली आणि तिला उन्हात आणलं. एवढं केल्यावर त्यांना काय सांगणार? आणि इथेही ते डोंगरापलीकडे.

पाणी ओसरलं. म्हाताऱ्याने काठीने खोली बघितली आणि मगच भावोजींना हात केला. चिखलाने माखलेले ते आले, आधी त्यांनी ऋचाला जवळ घेतलं. लिव्हरपूलला नाही म्हणून कळवून टाकतो, असं ते ताईला म्हणाले. आज तुला पुरेसा पाऊस झाला, म्हणाले.

"मला पावसाचा त्रास नव्हताच," ताई म्हणाली. "तुम्ही घरी नसायचात, त्याचा होता."

भावोजी बराच वेळ चपलेतला चिखल काडीने काढत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, तुला ऊन हवंय."

"ऊन आवडतं मला. पण मी लग्न करून तुमच्याबरोबर राहायला आले होते. कुठेही जाऊ या, पण तिघं एका घरात राहू."

ऋचाला हे किती समजलं कोण जाणे. तिने पुलावाचा डबा उघडला आणि सगळ्यांना वाढलं, म्हाताऱ्यालाही.

मी परत निघाले तेव्हा काही ठरलं नव्हतं. विमानात बसल्यावर आईला काय सांगायचं याचा विचार करत होते. एकाच ठिकाणची हवा एका माणसाला वैरी वाटते आणि दुसऱ्याला सोबत, आणि एका घरात राहूनही हे एकमेकांना वर्षानुवर्षं कळत नाही. आपणही ज्याला त्याला हवापाणी कसं आहे हे विचारतो आणि उत्तराकडे लक्ष देत नाही. आईला मी एवढंच म्हणाले की ताईची तब्येत ठीक आहे, तिला फोन करशील तेव्हा जरा जास्त वेळ बोल.

दोन महिन्यांनी आईने ताईला फोन लावला, मीही रिसिव्हरला कान लावून होते, तेव्हा कळलं की लिव्हरपूल नाही आणि शारजाही नाही, बिऱ्हाड फुजैराला हललं. छोटं गाव, मराठी घर त्यांचं एकच. ऋचाने इंग्रजीत भरपूर तक्रार केली, शाळेत मैत्रिणी नाहीत, करायला काही नाही. मग ताईने फोन घेतला. आई तिला डोंगरावर ढग आहेत का, असं काहीतरी विचारत होती.

"आहेत थोडे," ताई म्हणाली. "ठेवते आता, आई. हे जेवायला आलेत."