बाईंनी न प्यायलेलं पाणी

पितळेचा पेला काठोकाठ भरलेला, बाहेरून घामेजलेला, आणि त्याला कोणी हात लावत नाही... बालपणाकडे वळून पाहिलं की मला आधी हा पेलाच दिसतो.

नागपूरचा उन्हाळा तेव्हा आजच्यासारखा मिळमिळीत नव्हता. आमच्या वस्तीतले कावळे दुपारी उडत नसत, भिंतींच्या सावलीसावलीने पायी जात; मी स्वतः पाहिलेत. पण आमच्या अंगणात मात्र ओल्या वाळ्याचा मातकट, थंड सुगंध भरून राहिलेला असे, कारण बाबा खिडक्यांसाठी वाळ्याच्या ताट्या बांधत — बांबूच्या कामट्यांच्या चौकटीत वाळ्याची मुळं दाबून सुतळीनं आवळायची, वर पाणी शिंपडलं की उन्हाळ्यातली तापलेली लू सुद्धा घरात शिरताना शहाणी होते. बाबांच्या ताटीपायी जरीपटका बाजारातल्या एका कापडवाल्याला भर वैशाखात स्वेटर घालावं लागलं, असं म्हणतात. म्हणजे, मीच म्हणते.

पेच एवढाच होता की ताट्यांचा हंगाम आणि वार्षिक परीक्षा एकदमच येत. मी सातवीत होते, बोटं बारीक आणि चपळ. होळी झाली तसं बाबांनी मला अंगणात बसवलं. ‘‘आता पुरे झालं शिक्षन.’’ एवढंच. मोठ्या बहिणीलाही असंच एका हंगामापुरतं बसवलं होतं, ती पुन्हा शाळेत गेलीच नाही... मी सुतळी ओढत होते आणि हे सगळं मला ठाऊक होतं.

लांजेवार बाई आमच्या वर्गशिक्षिका. जिचा बाक रिकामा दिसेल तिच्या घरी त्या स्वतः जात. त्या दुपारी आल्या तेव्हा त्यांच्या चपलांना रस्त्याचं इतकं डांबर चिकटलं होतं, की अर्धा रस्ताच त्या सोबत घेऊन आल्या होत्या. दारी आलेल्याला आमच्याकडे आधी पाणी, मग विचारपूस. मायनं पेला पुढे केला. बाईंनी घेतला आणि स्टुलावर ठेवून दिला.

‘‘घ्या न बाई, माठातलं हाय.’’

‘‘घेते. आधी हिच्या परीक्षेचं बोलू.’’

मायचा चेहरा उतरला. ‘‘काहून बाई? आमच्या घरचं पानी चालत नाही का तुमाले?’’

बाबांच्या हातातली सुतळी थांबली. आमच्या वस्तीत हा प्रश्न कोणी थट्टेनं विचारत नसे.

‘‘चालतं हो ताई, अख्खा माठ पिईन,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण पाणी प्याली की मी पाहुणी होईन, अन् पाहुण्याला भांडता येत नाही. आज मी भांडायला आली.’’

बाबा म्हणाले, ‘‘हंगाम हाय बाई. मी एकटा किती बांधू? अन् पोरगी शिकून काय कलेक्टर होऊन राहिली?’’

‘‘पेपर सकाळचे असतात. ऊन चढायच्या आत पोरगी तुमच्या अंगणात. परीक्षा झाली की उन्हाळाभर तुमची. शाळा उघडली की माझी.’’

बाबा पुन्हा सुतळी आवळू लागले. पेला तसाच. बाईंच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. खोटं कशाला सांगू, खाली तळं साचून त्यात आमच्या चिमण्या आंघोळ करू लागल्या होत्या. शेवटी मायच कडाडली, ‘‘आता हो म्हना नं जी! बाई इथंच आडव्या झाल्या तं लोक म्हनतील, पान्याविना मास्तरीन मारली!’’

बाबांना हसू फुटलं. ‘‘बरं, धाडतो,’’ ते म्हणाले. मग सुतळी खाली ठेवून, ‘‘शाळा उघडल्यावर बी.’’ आणि उठून पेला त्यांनी स्वतःच्या हातानं बाईंना दिला. बाईंनी माठ रिता केला, मग शेजारणीचा मागवला. त्या संध्याकाळी वस्तीचा नळ कोरडा का होता, हे नळवाल्याला अजून उलगडलेलं नाही.

मी मॅट्रिक झाले. बाबा आभाराचे शब्द कधी बोलले नाहीत. दर हंगामात पहिली ताटी मात्र बाईंच्या खिडकीला लावून येत.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. बाई गेल्याचं मला उशिरा कळलं, तशी त्यांच्या घरी जाऊन आले. खिडकीत एसी बसवलाय, पण चौकटीवर बाबांनी ठोकलेले खिळे अजून आहेत, गंजलेले. जवळ जाऊन श्वास घेऊन पाहिला... वाळ्याचा वास नव्हता. बाईंच्या सूनबाईंनी पाणी आणलं.

मी पेला घेतला आणि लगेच पिऊन टाकला. त्या घरात आता भांडण्यासारखं कोणी उरलं नव्हतं.