एक टोला थांबा, दोन टोले चला

ऑक्टोबरातला शेवटचा रविवार, सकाळचे दहा. बारशाला हजर: पाळण्यात बाळ, बाळाचे आईबाप, आत्या, आजी, नांदेडहून आलेली आजोळची सात माणसं, कॉलनीतल्या चौदा बायका आणि वही घेऊन मी. बाळाचे आजोबा: फाटकाबाहेर, खुर्चीवर.

ही शेवटची नोंद कळायची तर आधी ते आजोबा कळले पाहिजेत. लेकरांच्या नाकाकडे त्यांच्याइतक्या निष्ठेने पाहणारा माणूस लातूर जिल्ह्यात तर नाहीच, पण शोधत नांदेड ओलांडून गेलात तरी सापडायचा नाही. तीस वर्षं ते एसटीत कंडक्टर होते, बहुतेक काळ लातूर-नांदेड गाडीवर. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या कॉलनीत, मैदानाला लागून घर बांधलं आणि पहिल्याच महिन्यात मैदानाच्या फाटकाला एक पितळी घंटा टांगली. मी कॉलनीची सेक्रेटरी. मी रीतसर अर्ज मागितला. ते म्हणाले, "अर्ज कशाला बाई, घंटी हाय, तोफ न्हाई." तेव्हापासून आमची मुलं संध्याकाळी खेळायला जाताना फाटकात रांग लावतात. काका (कॉलनी त्यांना काकाच म्हणते) प्रत्येकाच्या कपाळाला उलटा हात लावतात, नाक पाहतात, "खोक बरं" म्हणतात. दोन टोले पडले की पोरगं मैदानात. एकच टोला पडला की माघारी, आणि मागोमाग काका स्वतः, आईला सांगायला: "वहिनी, ह्याला उद्या शाळेत धाडू नका. ह्याला तर बरं वाटंल, पण वर्गातल्या चाळीस जणांना तिकीट फाडून येईल."

थंडीला ते भीत नाहीत, उन्हाळ्यालाही नाही. "धोका वळणावर हाय," ते सांगतात. "गाडी वळणावरच कलंडती." हवेचं वळण ते कॅलेंडरवरून नव्हे, पंख्यावरून ओळखतात. निजताना पंखा पाचावर लागला आणि पहाटे पांघरूण गळ्यापर्यंत ओढावं लागलं, की वळण आलं. त्या सकाळी ते माझ्या दारात उभे राहतात आणि मी लिहून घेते: पाणी उकळून. अंघोळ ऊन वर आल्यावर, केस खडखडीत पुसून. आठवड्यातून एक दिवस टाक्या कोरड्या. लस कुणाची राहिली. मग आम्ही दोघं घरोघर फिरतो. मी वाचते, ते माठात डोकावतात. कुणाच्या लेकराचा कुठला डोस बाकी आहे, हे आमच्या अंगणवाडीच्या ताईसुद्धा कधीकधी त्यांनाच विचारतात.

हात धुतल्याशिवाय तान्ह्या बाळाजवळ जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा सगळ्यात कडक नियम. शेजारच्या घरी बाळंतिणीला भेटायला चाकूरहून एक मावशी आल्या होत्या. काकांनी त्यांना अंगणातल्या नळावरच अडवलं. मावशी तापल्या. "आठ लेकरं वाढवली म्या, साबणाबिगर."

"वाढवली असतील मावशी," काका साबण पुढे करत म्हणाले. "हात धुतल्यानं त्यातलं एकबी कमी हुणार न्हाई."

मावशींनी हात धुतले. शिवाय जाताना साबण कोणता ते विचारून गेल्या.

तपासणीत त्यांची चूक झाली ती एकदाच. एका संध्याकाळी रांगेतली अकराच्या अकरा मुलं शिंकायला लागली. काकांनी एक टोला दिला, मैदानाला कुलूप घातलं, आणि साथ आली म्हणून मला सगळ्या घरांना फोन करायला लावले. नवव्या फोनवर कळलं की कोपऱ्यावरच्या घरात काळ्या मसाल्याची मिरची भाजणं चालू आहे. दुसऱ्या दिवशी काकांनी मुलांची माफी मागितली आणि अर्धा तास जास्त खेळू दिलं. पण कॉलनीला कायमचं निमित्त मिळालं. कुणी शिंकलं की आया म्हणायच्या, "काका, मसाला हाय हो."

यंदा सप्टेंबरात त्यांना पहिली नात झाली. मुलगा आणि सून दोघंही नांदेडला नोकरीला, बाळही तिथलंच. काकांच्या नियमाप्रमाणे सव्वा महिना बाळाजवळ गर्दी नको. "एकानंच जायचं," ते काकूंना म्हणाले. "तू जा. तुझा उपयोग हाय, माझा काय?" सव्वा महिना त्यांनी नात फक्त फोनवर पाहिली. बारसं मात्र लातूरला, मैदानात, मोकळ्या हवेत, ऊन वर आल्यावर, असं त्यांनीच ठरवलं. कामांची यादी माझ्याकडे होती. पाळणा, घुगऱ्या, नळाजवळ साबण, सगळं मी लिहिलं. सगळ्यात खाली त्यांनी स्वतः एक ओळ सांगितली: बाळ आजोबांच्या मांडीवर देणे. त्यासाठी त्यांनी चार दिवसांत तीनदा नखं कापली. उशी मांडीवर घेऊन सराव करताना, बारशाच्या तयारीला परत आलेल्या काकूंनी त्यांना एकदा पकडलंही.

रविवारी साडेनवाला ते नव्या सदऱ्यात मैदानात आले आणि शिंकले. एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा. सून पुढे आली. "बाबा, फोडणीचा ठसका असंल. या तुम्ही, घ्या तिला."

काकांनी चुलीकडे पाहिलं. "फोडणी अजून टाकली न्हाई, पोरी."

मी म्हटलं, "काका, तोंडाला रुमाल बांधा, पाच मिनिटं घ्या." यादीतली ओळ सुटू नये, असंही माझ्या मनात असेल.

"बाई, दुसऱ्याच्या लेकराला मी रुमालावर सोडलं का कधी?" ते म्हणाले. त्यांनी स्वतःच्या कपाळाला उलटा हात लावला, फाटकाशी गेले, घंटेचा एक टोला दिला आणि बाहेर जाऊन बसले. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं. सुनेने बाळ उचलून फाटकाच्या दिशेने वर धरलं, वीसेक पावलांवरून. काकांनी चष्मा पुसला. मग जागेवरूनच हात लांबवून दोरी ओढली. दोन टोले. संध्याकाळी बाळ नांदेडला परत गेलं.

सर्दी आठ दिवसांत गेली. मी म्हटलं, "काका, आता जाऊन या. रोज गाड्या आहेत."

"गाडीत निम्मी माणसं खोकायलीत," अर्धं आयुष्य त्याच गाडीत काढलेले काका म्हणाले. "ते सगळं अंगावर घेऊन तिच्याकडं जाऊ? वळण संपू द्या."

आता डिसेंबर लागला आहे, पण काकांच्या हिशोबात वळण अजून संपलेलं नाही. बारशाच्या यादीतल्या सगळ्या ओळी मी खोडल्या. माझ्या वहीत काम इतके दिवस राहत नाही. खालची एक ओळ तशीच आहे. दर रविवारी काका येतात, वही उघडायला लावतात, चष्मा चढवून ती ओळ जागेवर आहे ना ते पाहतात, आणि घरी जाऊन नखं कापतात.