पारोळ्याला मिळालेला प्लग

पारोळ्याला चार्जर रिकामा मिळाला, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे.

जळगावला घरी विजेवरच्या गाडीला चार्जिंगचा प्लग लावला, पण बटण दाबायला विसरलो. पारोळ्याच्या एकुलत्या चार्जरवर दुसऱ्याची गाडी होती आणि धुळ्याला पुतणीची हळद चुकणार होती. मी त्या अनोळखी माणसाला म्हणालो, “बायकोला चक्कर येतेय.”

त्याने लगेच आपला प्लग काढला, खांद्यावरच्या रुमालाने पुसला आणि आमच्या गाडीला लावला. मग गाडीत बसलेल्या माझ्या बायकोसाठी लिंबूपाणी घेऊन आला.

“अक्का, हाई पी ल्या. चक्करले बरं वाटी.”

“मला कसली चक्कर? मी हळदीत नाचायला निघालेय!”

माझी मान खाली गेली. तो खदखदून हसला आणि आपल्या गाडीकडे बोट दाखवत म्हणाला,

“नाचा मंग अक्का! मनी गाडी थांबी जाई.”

प्लग त्याने आमच्याच गाडीला राहू दिला.