वाईच्या मशीनचं मत

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. काल नव्हता, आजही नाही. आमच्या घरात देव्हारा नव्हता, त्या कोपऱ्यात अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. पाढे पाठ होण्याआधी मला पत्रकाची घडी घालता येत होती. सातारच्या आसपासच्या शाळांत जाऊन मी जिभेवर कापूर जाळून दाखवलाय आणि यात चमत्कार नाही म्हणून पोरांना समजावलंय. त्यामुळे गूढ अनुभवांच्या या सदरात माझं लिखाण बघून माझेच लोक हसतील. हसू देत. घडलेलं लपवणं हाही खोटेपणाच.

मी सातारला एका संस्थेत सर्व्हर सांभाळते. नदीवरच्या मोजपट्ट्यांचे आकडे आमच्याकडे दर तासाला येतात. पाणी ठरलेल्या खुणेवर गेलं की सांगलीकडच्या काठावरच्या गावांना फोनवर संदेश जातो. तो आला की लोक जनावरं सोडतात, म्हाताऱ्यांना उंचावर नेतात.

ही नोंद एका मशीनवर नसते. खंडाळा, शिरवळ, वाई, सातारा, सांगली – अशी पाच मशीनं. प्रत्येक नोंदीला यादीतल्या चालू-बंद सगळ्या मशीनांपैकी निम्म्याहून जास्त मशीनांचं मत लागतं. दोन बंद पडली तरी उरलेली तीन काम चालवतात. पण मतं कमी पडली की सगळं थांबतं, चुकीचं काही लिहिलं जाऊ नये म्हणून.

खंडाळ्याची आणि वाईची खोली रिकामी करायची होती, म्हणून पाचाची तीन करायचं ठरलं. मी दोन पानी योजना लिहिली. एका वेळी एकच मशीन. आधी यादीतून नाव काढायचं, ते काढायलाही मतं लागतात. ते मंजूर झालं की मगच वायर काढायची. आणि हे सगळं पावसाळ्यानंतर. आमच्या साहेबांनी फक्त शेवटचं वाक्य खोडलं. ऑगस्टमध्येच करा म्हणाले.

त्या दिवशी सकाळी खंडाळा नीट निघालं. यादीत चार उरली, म्हणजे आता दर वेळी तीन मतं हवी. वाईचं नाव संध्याकाळी काढणार होते. पण साहेबांची जीप वाईवरून रिकामी परत येत होती...

तीन वाजता वाईहून नानांचा फोन. नाना म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले, त्या खोलीची देखभाल करणारे.

"ताई, साहेब मशीन घिऊन गेलं की."

"नाना, यादीत नाव आहे अजून त्याचं."

"मी सांगितलं, ताईंचा फोन आल्याबिगर हात लावू नका. तर म्हणत्यात, तुमी फौजेत हुता का कोर्टात? मग म्याच वायर काढली, गुंडाळली, टावेलात बांधून दिली. तेवढं तरी नीट व्हावं."

अजून तीन चालू होती, म्हणून मी फक्त शिव्या गिळल्या. साडेतीनला हायवेवरच्या खोदकामात शिरवळची लाइन तुटली. यादीत चार, चालू दोन. सगळं थांबलं.

आणि सांगलीत पाणी चढत होतं. तिथले आमचे मगदूम आण्णा फोनवर होते. त्यांची आई काठावरच्याच गावात.

"अगं, पट्टी मी डोळ्यानं बघतोय, खुणेच्या वर गेलंय. आकडा का घेईना तुझं यंत्र?"

"मतं पुरत नाहीत, आण्णा."

"पाण्याला मत इचारतीस व्हय? बरं, मी एकेक गाव फोन लावत बसतो. आमच्या आईला शेवटी लावतो, ती फोन उचलतच न्हाई, संदेशाची घंटी तेवढी कळते तिला."

चार वाजता मी वाईचं नाव काढायचा हुकूम दिला. तो मंजूर झाला असता तर यादीत तीन राहिली असती आणि दोन मतांवर काम सुरू झालं असतं. पडद्यावर उत्तर आलं – मतं दोन, हवीत तीन. पुन्हा बघितलं. दोन. साहेब फोन उचलेनात. स्वतः लिहिलेली योजना समोर पडलेली आणि मी नुसती बसलेली. इतकी चीड मला कधीच आली नव्हती.

चार वाजून बारा मिनिटांनी मतं तीन झाली.

हुकूम मंजूर झाला. रखडलेला आकडा नोंदला गेला, संदेश सुटले. आण्णांचा फोन आला, "आईनं स्वतःहून फोन केला गं. निघाली म्हणतीय."

तिसरं मत वाईचं होतं.

साहेबांना फोन लागला तेव्हा ते पाचवडच्या पुढं चहा पीत होते. मशीन? "डिकीत आहे, कुठं जातंय ते." संध्याकाळी मी स्वतः डिकी उघडली. टॉवेल तसाच, नानांची गाठ तशीच. मशीन गरम होतं असं लिहिलं असतं तर तुम्हाला आवडलं असतं. थंड होतं.

मी सगळं तपासलं. मताला त्या मशीनची गुप्त खूण लागते, ती फक्त त्याच्या डिस्कवर असते, आणि खूण बरोबर होती. दुसरीकडे कुठे प्रत नव्हती. घड्याळं जुळत होती. जुनं, रखडलेलं मत म्हणावं तर प्रश्न विचारलाच चार वाजता. विचारण्याआधी उत्तर देऊन ठेवता येत नाही. मग मशीन चालू करून त्याची स्वतःची नोंद वाचली. ती तीनला संपते. पुढं काही नाही.

साहेब म्हणाले, अहवालात 'तांत्रिक चूक' लिहा. मी लिहिलं – मशीन वेळेआधी काढलं ही आपली चूक. मत कसं आलं, माहीत नाही. अहवाल दोनदा परत आला. दोन्ही वेळा तोच पाठवला.

चळवळीतले मित्र म्हणतात, तुझं काहीतरी बघायचं राहिलंय. असेल. दाखवा, मी आभार मानीन. आणि ज्यांना यात आत्मा दिसतो त्यांनाही हेच सांगणं – दाखवा.

नानांना मात्र काहीच नवल वाटलं नाही. "त्यात काय ताई? ड्युटीवरचा माणूस चार्ज दिल्याबिगर जागा सोडत न्हाई."

नाना, हे स्पष्टीकरण नाही, असं मी त्यांना चिडूनच सांगितलं. मग खोली बंद करून ती नोंद पुन्हा उघडली. आजही उघडते. ओळ तशीच आहे.

ठराव – वाईला यादीतून काढणे. वाईचं मत – होय.